प्रीमेड आहात, वेळ नाही, तरी क्लिनिकमध्ये व्हॉलंटियर करायचंय: नेहमी येणारे प्रश्न

हे अमेरिकेत कॉलेजात प्रीमेड करणाऱ्या, म्हणजे पुढे मेडिकलला जायची तयारी करणाऱ्या, आपल्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांच्या आईबाबांसाठीसुद्धा. मी न्यू जर्सीतल्या एका फ्री क्लिनिकमध्ये (इन्शुरन्स नसलेल्यांना फुकट तपासतात ते) व्हॉलंटियर्सचं शेड्युल आणि ट्रेनिंग बघते. मंडळाच्या गणपतीला म्हणा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला म्हणा, कोणाची ना कोणाची मुलगी नाहीतर मुलगा प्रीमेड असतोच आणि प्रश्न सगळे तेच, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. माझं मत आधीच सांगते. रोलचं नाव किती भारी वाटतं ते बघू नका, तीच शिफ्ट वर्षभर जमेल का आणि तिथे पेशंटशी बोलायला मिळेल का, एवढं बघा.

आमच्या वेळी मार्कांवर मेडिकलला ॲडमिशन व्हायची, इथे हे व्हॉलंटियरिंग कशाला?

हा आईबाबांचा प्रश्न. भारतात बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस. इथे आधी चार वर्षांची डिग्री, मेजर (मुख्य विषय) कुठलाही चालतो, फक्त बायो, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स असे ठरावीक कोर्स झालेले लागतात, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा, त्याचा स्कोअर ४७२ ते ५२८ च्या मध्ये कुठेतरी येतो, आणि मग अर्ज. बहुतेक एमडी कॉलेजांचा (इथे एमडी ही डॉक्टरची पहिलीच डिग्री) अर्ज एएमकॅस या एकत्रित ऑनलाइन पोर्टलमधून जातो (टेक्सासचं आणि डीओ, म्हणजे डॉक्टरच्याच दुसऱ्या डिग्रीच्या, कॉलेजांचं वेगळं पोर्टल आहे). त्यात तुम्ही काय काय केलंत याच्या जास्तीत जास्त १५ नोंदी टाकता येतात, प्रत्येकीला ७०० कॅरेक्टर्स, स्पेस धरून, आणि त्यातल्या तीन सगळ्यात महत्त्वाच्या म्हणून निवडता येतात, त्या तिघींना वर अजून १३२५ कॅरेक्टर्स मिळतात.

मार्क हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण मार्क बघून झाल्यावर कॉलेजवाले हे बघतात की हा मुलगा आजारी माणसाजवळ कधी बसलाय का, आणि बसल्यावरही त्याला डॉक्टर व्हायचंय का. मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. पुढे चार वर्षं मेडिकल स्कूल आणि नंतर कमीत कमी तीन वर्षं रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग) आहे, त्यात उडी मारायच्या आधी रोजचं काम कसं असतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं बरं.

शॅडोइंग, व्हॉलंटियरिंग आणि स्क्राइबची नोकरी, तिन्ही एकच ना?

नाही. शॅडोइंग म्हणजे डॉक्टरच्या मागे उभं राहून बघायचं, तुम्ही काही करत नाही. व्हॉलंटियरिंगमध्ये तुमच्यावर काम असतं आणि तुम्ही नाही आलात तर ते अडतं. स्क्राइब (डॉक्टरच्या नोंदी टाइप करणारा), ईएमटी (ॲम्ब्युलन्सवरचा), सीएनए (नर्सच्या हाताखालचा मदतनीस), मेडिकल असिस्टंट हे पगाराचे जॉब. सीएनएसाठी केंद्राच्या नियमाने कमीत कमी ७५ तासांचं ट्रेनिंग लागतं, काही राज्यं त्याहून जास्त मागतात, ईएमटीचा कोर्स साधारण त्याच्या दुप्पट किंवा जास्तच. पैशाची गरज असेल तर बिनधास्त पगाराचा जॉब घ्या, त्यात कमीपणा काही नाही, क्लिनिकल अनुभव तो पण असतोच. फक्त शॅडोइंगने व्हॉलंटियरिंगची जागा भरून निघत नाही हे लक्षात ठेवा. बरीच मुलं ओळखीच्या काकांच्या ऑफिसमध्ये चार दिवस उभी राहतात आणि झालं म्हणतात, तसं होत नाही.

मोठं हॉस्पिटल चांगलं की छोटं क्लिनिक?

मी फ्री क्लिनिकची माणूस आहे तर मत त्या बाजूला झुकणारच, पण कारण ऐका. मोठ्या हॉस्पिटलचा व्हॉलंटियर प्रोग्रॅम म्हणजे लाल नाहीतर निळं जॅकेट, गिफ्ट शॉप, व्हीलचेअर ढकलणं, ब्लँकेट पोचवणं. वाईट नाही, पण पेशंट दोन दिवसांत घरी जातो, परत दिसत नाही. छोट्या क्लिनिकमध्ये डायबेटिसचा तोच पेशंट दर काही महिन्यांनी येतो, तुम्ही त्याला नावाने ओळखायला लागता, मागच्या वेळी ए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) किती होतं हे त्याच्याच तोंडून ऐकता, आणि यावेळी कमी झालं की तो आधी तुम्हाला सांगतो. हे हॉस्पिटलच्या लॉबीत मिळत नाही.

थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत नसते बऱ्याच जणांना. डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत हेट-ॲशबरी फ्री क्लिनिक सुरू केलं आणि इथल्या फ्री क्लिनिक चळवळीची सुरुवात तिथून धरतात. १९६९ पासून चालू असलेल्या बर्कली फ्री क्लिनिकमध्ये तर डॉक्टर नसलेल्या साध्या लोकांना ट्रेनिंग देऊन बरंच काम त्यांच्यावर सोपवतात. का लागतात ही क्लिनिक्स? १९८६ च्या कायद्याने ईआरला, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला, कोणालाही तपासून स्थिर करावंच लागतं, पण बीपीची गोळी दर महिन्याला कोण देणार? २०२३ मध्येसुद्धा या देशात अडीच कोटींहून जास्त लोकांकडे इन्शुरन्स नव्हता. घरं साफ करणाऱ्या बायका, रेस्टॉरंटच्या किचनमधली माणसं, रोजंदारीवरचे कामगार. आणि हो, भारतातून मुलांकडे आलेले, व्हिजिटर व्हिसावरचे आजीआजोबा पण येतात, बीपीच्या गोळ्या संपलेल्या असतात.

याशिवाय कम्युनिटी हेल्थ सेंटर्स असतात, जिथे उत्पन्नाप्रमाणे फी लावतात. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी चालवतात ती क्लिनिक्स असतात, तिथे प्रीमेड मुलांना घेतात पण रांग मोठी. आणि हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणारी सेवा. हॉस्पिसकडे फार कमी मुलं वळतात, खरं तर मेडिकेअर (वयस्कांचा सरकारी इन्शुरन्स) घेणाऱ्या हॉस्पिसला नियमच आहे की पेशंट केअरच्या एकूण तासांच्या निदान ५ टक्के काम व्हॉलंटियर्सनी केलेलं पाहिजे, म्हणजे त्यांना माणसं कायम लागतातच. मरणाच्या जवळ असलेल्या माणसाशेजारी बसायची मनाची तयारी असेल तर तिथे जरूर जा. नसेल तर जाऊ नका, त्यात काही चुकीचं नाही.

क्लिनिकमध्ये नक्की कुठले कुठले रोल असतात? मला सगळ्यात चांगला कुठला?

सगळ्यांना व्हायटल्स (बीपी, नाडी, ताप वगैरे मोजणं) हवे असतात. स्टेथोस्कोप गळ्यात, बीपीचा कफ हातात. चांगला रोल आहे, नाही म्हणत नाही, आणि नीट केला तर खरंच महत्त्वाचा आहे. पेशंटला पाच मिनिटं शांत बसू द्यायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या उंचीवर, आणि कफ दंडाच्या मापाचा. जाड दंडावर छोटा कफ बांधला तर आकडा उगाच जास्त येतो आणि त्या आकड्यावर डॉक्टर गोळी वाढवू शकतात, म्हणजे तुमच्या घाईची किंमत पेशंट मोजतो. घाईघाईत बोलत बोलत बीपी घेणाऱ्या मुलांना मी तो रोल देत नाही. पण व्हायटल्समध्ये एका पेशंटबरोबर पाच-सात मिनिटं मिळतात, त्यात बोलणं किती होणार.

इनटेक किंवा फ्रंट डेस्क. पेशंट आल्यावर पहिला चेहरा तुमचा. माणूस घाबरलेला असतो, कागद कुठला आणायचा माहीत नसतो, इमिग्रेशनचं विचारतील का ही धाकधूक असते, आणि तुम्ही कसं बोलता त्यावर तो थांबणार की परत जाणार हे ठरतं.

मग फॉलो-अप कॉल्स आणि रेफरल (पेशंटला दुसऱ्या स्पेशालिस्टकडे पाठवणं). कार्डिओलॉजिस्टची अपॉइंटमेंट महत्प्रयासाने मिळालेली असते, पेशंटला राइड नाही म्हणून तो जात नाही, ती अपॉइंटमेंट वाया. तुमचं काम फोन करून विचारायचं की कसे जाणार, कामावरून सुट्टी मिळेल का, कोणी सोबत आहे का. रिपोर्टमध्ये काय आलंय ते तुम्ही सांगायचं नाही, ते नर्सचं किंवा डॉक्टरचं काम, पण बाकी सगळं तुमच्यावर.

आणि माझा सगळ्यात आवडता, ज्यासाठी कोणी हात वर करत नाही, तो म्हणजे मेडिकेशन असिस्टन्स. औषध कंपन्यांचे प्रोग्रॅम असतात, कमी उत्पन्नाच्या लोकांना इन्सुलिन, इनहेलर, महागाच्या गोळ्या फुकट किंवा स्वस्तात मिळतात, पण फॉर्म भरावा लागतो, उत्पन्नाचा पुरावा लागतो, डॉक्टरची सही लागते, आणि रिफिलची तारीख कोणीतरी लक्षात ठेवावी लागते. ते कोणीतरी म्हणजे तुम्ही. कागदी काम वाटतं ना? पण तोच पेशंट वर्षभर तुमचा असतो, पगाराची स्लिप मागताना त्याच्या घरात काय चाललंय ते कळतं, नोकरी गेली, मुलगी आजारी, भाडं वाढलं, आणि इन्सुलिन का अर्धंच घेतोय ते पण कळतं. औषध लिहून दिलं आणि पेशंटला ते मिळालं या दोन गोष्टींमध्ये किती अंतर आहे हे ज्याला विसाव्या वर्षी कळलं तो पुढे वेगळ्या पद्धतीने डॉक्टरकी करेल असं मला मनापासून वाटतं. शिवाय बिझी विद्यार्थ्यांसाठी हा रोल सोयीचा, कारण बऱ्याच ठिकाणी दुपारचे दोन-तीन तास चालतात, क्लिनिकची संध्याकाळची गर्दीची वेळ गाठायलाच हवी असं नाही.

डेंटल असिस्टिंग, फार्मसीत मदत, हेल्थ एज्युकेशन, स्टॉकरूम हे पण असतं. स्टॉकरूममध्ये पेशंट भेटत नाही, तेवढं सोडून बाकी सगळं चालेल.

फ्रंट डेस्क "क्लिनिकल" मध्ये धरतात का?

पेशंटशी बोलत असाल, त्याच्या काळजीत तुमचा हात असेल तर हो. फाइल्स स्कॅन करत मागच्या खोलीत बसला असाल तर नाही. एएमकॅसमध्ये कम्युनिटी सर्व्हिसच्या दोन वेगळ्या कॅटेगरी आहेत, मेडिकल आणि नॉन-मेडिकल, प्रामाणिकपणे जी बसते ती टाका. फूड पॅंट्रीत वाढणं हे नॉन-मेडिकल, आणि त्यालाही किंमत आहे, त्याला ओढूनताणून मेडिकल करू नका.

किती तास लागतात? आकडा सांगा ना ताई.

बहुतेक कॉलेजं आकडा ठरवून देत नाहीत. माझं गणित साधं आहे, आठवड्याला तीन-चार तास धरा, परीक्षा आणि सुट्ट्या वजा केल्या तरी वर्षात १०० ते १५० तास आरामात होतात, आणि दोन वर्षं केलंत तर तुम्ही क्लिनिकमधल्या जुन्या माणसांत जमा. एका उन्हाळ्यात रोज आठ तास करून १५० भरवणं आणि दीड वर्ष दर शनिवारी येणं, तास सारखे असले तरी वाचणाऱ्याला फरक कळतो, पेशंटला तर कळतोच.

तास मोजताना प्रवास मोजा. चार तासांची शिफ्ट आणि जाऊन-येऊन दोन तास म्हणजे ती सहा तासांची शिफ्ट आहे. ऑरगॅनिकच्या मिडटर्मच्या आठवड्यात सहा तास निघतील का हे स्वतःला खरं खरं विचारा. निघत नसतील तर कॅम्पसपासून पंधरा मिनिटांवरचं, कमी नावाजलेलं क्लिनिक घ्या. मी तर म्हणेन आधी कोर्सचं शेड्युल समोर ठेवा, लॅब कुठल्या दिवशी आहे ते बघा, सगळ्यात रिकामी अशी एक संध्याकाळ शोधा, आणि मग त्या संध्याकाळी कुठलं क्लिनिक उघडं असतं ते शोधा. बरीच फ्री क्लिनिक्स आठवड्यातून एखाद-दोन संध्याकाळीच चालतात, त्यामुळे उलटं करायला गेलात तर सेमिस्टर मधोमध आल्यावर अडकता.

टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह आली! आता?

क्लिनिकमध्ये सुरू करायच्या आधी टीबीची टेस्ट मागतात. पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, भारतात जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत हे नेहमी होतं. आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी ही टीबीची लस देतात आणि त्यामुळे हातावरची स्किन टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. इंटरफेरॉन गॅमावाली रक्ताची टेस्ट असते, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही, क्लिनिकला सांगा की मला लहानपणी बीसीजी दिलीय, रक्ताचीच टेस्ट करू द्या. शिवाय स्किन टेस्टसाठी ४८ ते ७२ तासांनी परत जाऊन दाखवावं लागतं, रक्ताच्या टेस्टला एकच फेरी. रक्ताचीही पॉझिटिव्ह आली तर मात्र डॉक्टरकडे जा, एक्स-रे काढतात, पुढचं ते सांगतील, टाळू नका.

बाकी कागदपत्रांत साधारण एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), कांजिण्या, टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला), फ्लू आणि हेपॅटायटिस बी या लसींचे पुरावे मागतात. हेप बी चे नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात, म्हणून भारतातलं लसीकरणाचं कार्ड आजीच्या कपाटात असेल तर आत्ताच फोटो मागवून घ्या. अर्ज केल्यापासून पहिल्या शिफ्टपर्यंत कागदपत्रं, बॅकग्राउंड चेक, ओरिएंटेशन यात महिना-दोन महिने सहज जातात. सप्टेंबरमध्ये सुरू करायचं असेल तर जूनमध्ये ईमेल टाका.

मला मराठी, हिंदी दोन्ही येतात, इंटरप्रिटर म्हणून करू का?

थांबा जरा. घरी आजीशी मराठी बोलणं आणि औषधाचा डोस दुसऱ्या भाषेत सांगणं यात फार फरक आहे. अफोर्डेबल केअर ॲक्टच्या कलम १५५७ प्रमाणे, सरकारी पैसा घेणाऱ्या ठिकाणी वैद्यकीय बोलण्यासाठी क्वालिफाइड इंटरप्रिटरच हवा, भाषा येते म्हणून कोणालाही उभं करता येत नाही. मनापासून करायचं असेल तर ४० तासांचं मेडिकल इंटरप्रिटर ट्रेनिंग घ्या, सर्टिफिकेशनच्या परीक्षांना बसायला निदान तेवढं लागतंच, आणि नंतर उन्हाळ्यात सुद्धा कामाला येतं. तोपर्यंत "काकू, बसा ना, पाणी देऊ का, नंबर आला की मीच बोलवते" एवढं आपल्या भाषेत बोललात तरी त्या बाईंचा अर्धा ताण कमी होतो, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

मी एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वर आहे / एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वर आहे, व्हॉलंटियरिंग चालेल का?

बिनपगारी, नॉन-प्रॉफिटमध्ये, आणि ज्या कामासाठी एरवी कोणालाच पगार देत नाहीत असं काम असेल तर साधारणपणे चालतं. पण सुरू करायच्या आधी एफ-१ वाल्यांनी कॉलेजच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसाचं काम बघणारा अधिकारी) लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पगाराचा स्क्राइब जॉब कॅम्पसबाहेर विनापरवानगी घेतलात तर स्टेटसच धोक्यात येतं. एच-४ वर वर्क परमिट नसेल तर पगाराचं काहीच नाही. आणि एक कडू गोष्ट, बऱ्याच मेडिकल कॉलेजांत ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप नसलेल्यांना घेतच नाहीत, आणि एच-४ वरची मुलं २१ व्या वर्षी त्या स्टेटसमधून बाहेर पडतात. हे पहिल्या वर्षातच वकिलाशी आणि ॲडव्हायझरशी बोलून घ्या, तिसऱ्या वर्षापर्यंत थांबू नका.

उन्हाळ्यात पुण्याला मामाच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन करू का? तिथे तर टाके पण घालू देतात.

जा, बघा, मामाच्या मागे उभे राहा, वॉर्डमध्ये पेशंटच्या नातेवाइकांशी बोला, सरकारी दवाखान्याची ओपीडी कशी चालते ते बघा, खूप शिकायला मिळेल. पण टाके नाही, इंजेक्शन नाही. जे इथे करायला तुम्हाला परवानगी नाही ते तिथेही करायचं नाही, अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची, म्हणजे एएएमसीची, या बाबतीत स्पष्ट मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि अर्जात असलं काही अभिमानाने लिहिलंत तर उलट नुकसान होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्याला तुम्ही टाके घालणार तो गरीब माणूस आहे, त्याला विचारायची सोय नाही, म्हणून तुम्हाला घालू देतात. हे मला अजिबात पटत नाही.

तीन महिने झाले, फक्त फोनच उचलतोय, सोडू का?

आधी कोऑर्डिनेटरशी बोला. "मला पेशंटबरोबर जास्त वेळ मिळेल असं काही आहे का" असं सरळ विचारा. आम्ही नवीन माणसाला मुद्दाम आधी साधं काम देतो, वेळेवर येतो का, न सांगता गैरहजर राहतो का, पेशंटशी तुटक बोलतो का हे बघतो, आणि मग पुढचं शिकवतो. सहा महिन्यांनीही काही बदललं नाही तर खुशाल दुसरीकडे जा.

एमकॅट आहे, दोन महिने सुट्टी मिळेल?

मिळेल, पण आधी सांगा. परीक्षेच्या दिवशीच साडेसात तास जातात, त्याच्या आधीचे महिने अभ्यासाचे, हे आम्हालाही माहीत आहे. चार आठवडे आधी कळवलंत तर मी कोणालातरी तुमच्या जागी बसवते. आदल्या रात्री मेसेज केलात तर त्या संध्याकाळी सहा पेशंट ताटकळतात, त्यातले दोघं अर्ध्या दिवसाचा पगार सोडून आलेले असतात.

पेशंटची गोष्ट अर्जाच्या एसेमध्ये (निबंधात) लिहिली तर चालेल?

नाव, गाव, तारीख, ओळखू येईल असा कुठलाही तपशील नको. हिपा हा पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा १९९६ चा कायदा व्हॉलंटियरलाही लागू आहे, ओरिएंटेशनला त्यावर सही केलेली असते तुम्ही. क्लिनिकमधला सेल्फी नको, मागे स्क्रीनवर कोणाचं नाव दिसतंय ते कळत पण नाही. आणि पेशंटला रडवून स्वतः हिरो होणारी गोष्ट लिहू नका. तुम्ही काय बघितलं, काय केलं, त्यातून तुमच्या डोक्यात काय बदललं ते लिहा. दर शिफ्टनंतर घरी जाताना, म्हणजे ट्रेनमध्ये, गाडी चालवताना नव्हे, फोनमध्ये चार ओळी टाकून ठेवा, नावाशिवाय. दोन वर्षांनी ७०० कॅरेक्टर्स भरताना तेच उपयोगी पडतं, नाहीतर सगळे "मला सहानुभूती शिकायला मिळाली" असंच लिहितात.

सोडताना काय करायचं?

महिनाभर आधी सांगा, तुमच्याकडच्या पेशंट्सच्या रिफिलच्या तारखा आणि अर्धवट फॉर्म नवीन व्हॉलंटियरला समोर बसवून समजावून द्या. एएमकॅसमध्ये प्रत्येक नोंदीला कॉन्टॅक्ट माणसाचं नाव आणि फोन किंवा ईमेल द्यावं लागतं, तर ते आत्ताच लिहून घ्या, कोऑर्डिनेटर बदलतात आणि दोन वर्षांनी कोणी सापडत नाही. एकूण तास किती झाले त्याचा ईमेल मागून घ्या. शिफारशीचं लेटर हवं असेल तर सोडायच्या आधीच विचारा, ज्या डॉक्टरांनी किंवा नर्सने तुम्हाला काम करताना बघितलंय त्यांना विचारा, सोबत रिझ्युमे आणि डेडलाइन पाठवा, आणि त्यांना निदान चार-सहा आठवडे द्या.